पेपर क्रमांक चारमध्ये मला अनुत्तीर्ण करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, विद्यापीठ कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : न्यायसहायक मानसशास्त्र (पदव्युत्तर), पेपर क्र. ४, ‘प्रत्यक्ष मुलाखत व अहवाल’ यात मला मिळालेले ७८ गुण रद्द करून मला अनुत्तीर्ण ठरवणे, आणि सदर अहवाल १ मार्चपूर्वी दुरुस्त करणे.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दि. ११ नोव्हेंबर २०२४.
२) आपले उत्तर, दि. १६ डिसेंबर २०२४ : “गुण कमी करण्यासाठी विहित नमुना उपलब्ध नाही. गुणवाढ हवी असल्यास निकालापासून पंधरा दिवसांत अर्ज करावा.”

महोदय,

१. ही हकीकत सन १९७६ च्या नोव्हेंबर महिन्याची आहे. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि आपल्याच विद्यापीठात न्यायसहायक मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते. आरोपी, साक्षीदार आणि कैदी यांच्या मनाचा अभ्यास करून न्यायालयाला मदत करणे, असा तो विषय. तो इतका नवा होता की वर्गात आम्ही सातच जण होतो आणि आमची खोली मुळात नकाशे ठेवण्याची होती. भिंतीवर नकाशे अडकवायच्या खुंट्या तशाच होत्या. त्यांवर आम्ही छत्र्या आणि पिशव्या टांगत असू. संपूर्ण विभागाला एकच टेपरेकॉर्डर होता. तो उचलायला दोघे लागत, आणि बहुधा तो बंदच असे. सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्सची जांभळी शाई हाताला लागायची. घरी आई म्हणायची, “शिकतेस की कापडं रंगवतेस?” महोदय, हे सगळे अर्जाशी संबंधित नाही हे मला कळते. पण तो काळ मला फार प्रिय होता. माझ्या हातून जे झाले ते त्याच आनंदाच्या भरात झाले, म्हणून लिहिले.

२. आमचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, हे न्यायालयाने नेमलेले तज्ज्ञही होते. त्या महिन्यात त्यांच्याकडे एका स्त्रीचे प्रकरण आले. तिच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई झोपेचे औषध दुप्पट घेतल्याने वारल्या होत्या. ती म्हणत होती, “दोनदा दिलं गेलं. एकदा ह्यांनी, एकदा मी. कुणी कुणाला विचारलं नाही.” नवऱ्याचे म्हणणे होते की त्याने दिलेच नव्हते, दोन्ही वेळा तिनेच दिले, आणि जाणूनबुजून. घरात चौथे माणूस म्हणजे त्यांची सहा वर्षांची मुलगी, आणि ती शाळेत होती. म्हणजे खरे कोण बोलते आहे, एवढाच प्रश्न उरला होता. सरांनी सरावासाठी तिची मुलाखत मला दिली. पेपर क्र. ४ साठी हाच माझा अहवाल.

३. महिला कारागृहातील मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि उंचावर एक खिडकी होती. मी तिच्याशी तीन दिवस, रोज दोन तास बोलले. छापील तक्त्यात ‘व्यवसाय’ या रकान्यात तीनच पर्याय होते : घरकाम, नोकरी, इतर. मी ‘नोकरी’वर खूण केली आणि पुढे गेले. कोणती नोकरी, हे मी विचारले नाही. संध्याकाळी माझ्या वर्गमैत्रिणीने तो तक्ता पाहिला. तिची वेणी गुडघ्यापर्यंत होती, म्हणून तिला आम्ही ‘वेणी’च म्हणायचो. ती म्हणाली, “नोकरी म्हणजे काय गं? दगड फोडते की दात काढते?” मी म्हणाले, “त्यानं काय फरक पडतो?” हे वाक्य मी स्वतः उच्चारले आहे. माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून ते नोंदवून घ्यावे.

४. माझ्या अहवालात तीन निरीक्षणे आहेत. (अ) प्रत्येक प्रश्न ती आधी जसाच्या तसा पुन्हा उच्चारते आणि मग उत्तर देते; यावरून ती उत्तर रचायला वेळ घेते. (आ) मृत्यूबद्दल बोलतानाही तिचा आवाज एका पट्टीत राहतो व ओठांवर हलके हसू असते; यावरून शोकाचा अभाव दिसतो. (इ) ती समोरच्या माणसाकडे न बघता सरळ भिंतीकडे बघते. यावरून लपवाछपवीची वृत्ती दिसते. प्रत्येक निरीक्षणाखाली मी पाठ्यपुस्तकाचा पृष्ठक्रमांक दिला होता. सरांनी समासात लाल शाईने लिहिले, ‘उत्तम. नेमके.’ ते लाल अक्षर मी किती वेळा उघडून बघितले, ते सांगायची लाज वाटते.

५. या तीन दिवसांत ती एक वाक्य बोलली होती, जे माझ्या वहीत आहे पण अहवालात नाही. मी विचारले, “सासूबाईंची आठवण येते का?” ती म्हणाली, “सासूबाईंची आठवण येते का. येते. रोज सहाला मी त्यांचे केस विंचरायची. आता सहा वाजले की हात रिकामे होतात.” बोलली त्याच पट्टीत, त्याच हलक्या हसण्यासह. अहवाल दोन पानांतच बसवायचा होता आणि हे वाक्य वरच्या तीन निरीक्षणांत कुठेच बसेना. मी त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली. महोदय, नोकरी न विचारणे हे अज्ञान म्हणता येईल. ही रेघ अज्ञान नव्हे.

६. विद्यार्थ्यांचे सराव अहवाल न्यायालयात जात नसत. पण त्या आठवड्यात सर तापाने आजारी पडले आणि मुदत तर संपत आलेली. त्यांनी माझेच परिच्छेद उतरवून, खाली आपली सही करून, अहवाल पाठवला. त्यांच्या एकोणीस ओळींपैकी चौदा माझ्या आहेत. मी मोजल्या आहेत. न्यायालयात नवरा रडला. ती रडली नाही. निकालपत्रात ‘तज्ज्ञांच्या मते’ या शब्दांनंतर माझे वाक्य, माझ्या स्वल्पविरामासकट, छापलेले आहे. तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. मला पेपर क्र. ४ मध्ये शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर गुण आणि विभागात पहिला क्रमांक मिळाला. निकालपत्रात माझे वाक्य आले हे कळले त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले होते.

७. सन १९७९ मध्ये माझे वडील अत्यवस्थ होते आणि परदेशातल्या भावाला लावलेला ट्रंक कॉल दोन दिवस लागत नव्हता. तक्रार घेऊन मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. तेव्हा मी, जिथे शिकले त्याच मानसशास्त्र विभागात, अधिव्याख्याता झाले होते, आणि ती जागाही सरांच्या शब्दामुळेच मिळाली होती. तेथील पर्यवेक्षक बाई भल्या होत्या. त्यांनी मला आत नेले. लांबलचक खोलीत तीसएक बायका उंच स्टुलांवर, कानाला यंत्र लावून, भिंतीएवढ्या बोर्डाकडे तोंड करून बसलेल्या. नजर सरळ समोर. प्रत्येकीपुढे हाताएवढा आरसा. जी ती ऐकलेला आकडा आधी पुन्हा म्हणायची आणि मगच बोर्डात पिन लावून कॉल जोडायची. सगळ्यांचा आवाज एका पट्टीत.

मी विचारले, आरसा कशाला? पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, “तोंडावर हसू ठेवलं की ते आवाजात उतरतं. मयताची खबर असली तरी आवाज तोच ठेवायचा. वरखाली झाला की ताकीद.” आणि आकडा पुन्हा का म्हणायचा? “परत म्हटल्याशिवाय पिन लावायची नाही, हा नियम. आठ दिवसांत जीभच तशी होते बाई. घरी नवऱ्यानं पाणी मागितलं तर मी ‘पाणी हवंय’ असं म्हणते आणि मग उठते. तो चिडतो. म्हणतो, तू काय माझं पाणी जोडून देतेस?” त्या स्वतःच हसल्या. मग खिडकीजवळच्या स्टुलाकडे बोट करून म्हणाल्या, “इथं बसायची तिच्यासारखा आवाज पुन्हा नाही मिळाला. अकरा वर्षं होती. सासूच्या भानगडीत तुरुंगात गेली बिचारी. कुणी शिकलेल्या माणसानं लिहून दिलं म्हणे, हिला दुःखच नाही.”

माझा कॉल त्यांनी लगेच लावून दिला. मी भावाशी काय बोलले ते मला आठवत नाही.

८. दुसऱ्याच दिवशी मी सरांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ ते चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “निकाल लागून गेलाय. तुम्ही हे उकरून काढलंत तर त्यावर माझी सही आहे. आणि तुमची पदवी त्याच्यावर उभी आहे, ही नोकरीसुद्धा. बघा, तुम्ही शहाण्या आहात.” मी शहाणीच निघाले. वडील त्याच आठवड्यात गेले, धाकट्या बहिणीचे शिक्षण माझ्यावर आले. अशी कारणे शोधायला गेले की दहा सापडतात. मी गप्प बसले. तेव्हा तिच्या दहा वर्षांपैकी सात वर्षे उरली होती.

९. येथे दुसरी बाब नमूद करते, कारण ती आपल्या विभागाच्या अखत्यारीत येते. माझा अहवाल उत्कृष्ट नमुना म्हणून अभ्यास-साहित्यात लावला गेला आणि सन २००५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, शिकवला गेला. त्यांतली बरीच वर्षे तो मीच शिकवला. १९७९ नंतर मी एवढेच केले की ते पान आले की म्हणायचे, “हे घरी वाचा.” वर्षाला सरासरी बारा विद्यार्थी धरले तर तीनशे छत्तीस जण हे घरी वाचून गेले. त्यांपैकी कितीतरी आज कारागृहांत आणि न्यायालयांत बसून, समोरचा माणूस प्रश्न पुन्हा म्हणाला की वहीत खूण करत असतील. माझी विनंती आहे की या सर्वांना विद्यापीठाने पत्र पाठवून कळवावे. टपालाचे काम मी घरी बसून करून देईन. माझे अक्षर अजून वाचता येते.

१०. शिक्षेत सूट मिळून ती मुदतीआधीच, सन १९८३ मध्ये, सुटली. एक्स्चेंज तोवर स्वयंचलित झाले होते आणि उंच स्टुले भंगारात गेली होती. ती एका लाँड्रीत कपड्यांच्या घड्या करू लागली. १९८६ मध्ये धीर करून मी तिथे गेले. सगळे सांगायचे असे ठरवून गेले होते. तिने मला पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही त्या वहीवाल्या ना? तुम्ही मला पाणी विचारलं होतंत. बाकीचे नुसते बसायचे.” स्टूल पुढे केले, चहा मागवला. तो चहा मी प्यायले आणि तशीच परत आले. त्यानंतर चार वर्षे मी चादरी त्या लाँड्रीत देत राहिले. आमचे हे म्हणायचे, “घरात इस्त्री असताना चादरींना बाहेर फिरायला कशाला पाठवतेस?” त्यांनाही मी सांगितले नाही. तिची मुलगी गल्ल्यामागे बसून अभ्यास करायची आणि मला मावशी म्हणायची; ती वहीवाली मीच, हे तिला माहीत नव्हते.

११. त्या मुलीचे आता चष्म्याचे दुकान आहे. माझ्या डोळ्यांचा नंबर तीच तपासते. मागच्या ऑक्टोबरमध्ये माझ्या डोळ्यांपुढे काचा बदलत ती म्हणाली, “मावशी, तुम्ही त्याच विद्यापीठातल्या ना? जुने अहवाल सगळे कॉम्प्युटरवर टाकतायत म्हणे, कुणीही वाचावेत असे. आई सांगायची, विद्यापीठातली एक वहीवाली तिच्याशी तीन दिवस बोलली होती. चांगली होती म्हणायची. बाकी त्या दिवसांबद्दल आई कधी बोललीच नाही हो. त्यात आईचं बोलणं असेल ना?” मग म्हणाली, “आता खालची ओळ वाचा.” मला एकही अक्षर दिसत नव्हते. तिने नंबर वाढवून दिला.

मी चौकशी केली. आपल्या यादीत तो अहवाल अनुक्रमांक ११२ वर आहे आणि १ मार्चला खुला होणार आहे. त्यात नाव नाही, ‘श्रीमती क्ष’ आहे. पण सासू, औषध, सहा वर्षांची मुलगी, साल, सगळे आहे. ती ओळखेल. आणि आईचे बोलणे शोधताना तिला ‘शोकाचा अभाव’ सापडेल, समासात लाल शाईत ‘उत्तम’ असे लिहिलेले.

१२. म्हणून मी पहिला अर्ज केला. खिडकी क्र. ३ वरील आपल्या लिपिकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “आजी, नापास व्हायलासुद्धा मुदत असते. पंधरा दिवसांत यायचं होतंत. इथं लोक पास करा म्हणून पाया पडतात. तुमच्यासाठी मी फॉर्म कुठून आणू?” मी म्हणाले, गुणवाढीचाच फॉर्म द्या, मी ‘वाढ’ खोडून ‘घट’ लिहिते. ते म्हणाले, खाडाखोड चालत नाही. त्यांचे बरोबर आहे. एक खाडाखोड केली त्याचेच हे सगळे आहे.

१३. तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. माझे ७८ गुण रद्द करावेत. ते शक्य नसल्यास मला त्याच पेपरच्या पुरवणी परीक्षेस बसू द्यावे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण तीन तास बसू शकते, मध्ये एकदा उठून गुडघा मोकळा करायची मुभा असावी. त्यातही मी बहुधा नापासच होईन, कारण आता माणसाकडे बघून तो खरे बोलतो की खोटे, हे मला सांगता येत नाही. तेही शक्य नसल्यास पदवी परत घ्यावी. आणि यांतले काहीच होणार नसेल, तर निदान अनुक्रमांक ११२ च्या पहिल्या पानापुढे माझे एक पान जोडावे. त्यावर एवढेच असावे की ही स्त्री टेलिफोन ऑपरेटर होती, आणि ती असे असे म्हणाली होती. खाली वहीतले वाक्य, पेन्सिलच्या रेघेशिवाय.

ती निर्दोष होती, असे या अर्जात मी म्हणत नाही. औषध कोणी किती वेळा दिले ते मला माहीत नाही; त्या घरातल्या दोघांनाच माहीत होते. मी इतकेच म्हणते की मला जे दिसले असे मी लिहिले, ते मला दिसलेले नव्हते.

१४. संबंधित व्यक्तींचे पुढे काय झाले, हे आपल्या नोंदीसाठी देते.

वेणीने शेवटची परीक्षा दिलीच नाही. तिने मोटार शिकवण्याचा वर्ग काढला आणि अर्ध्या शहराला गाडी शिकवली. आता तिची वेणी बोटभर आहे. दर रविवारी तिचा फोन येतो.

पर्यवेक्षक बाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना आता ऐकू येत नाही.

नवऱ्याने दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला. दोन मुलगे झाले. तो वारला. न्यायालयात तो खोटे रडला, असे मी लिहिणार नाही. पुन्हा तीच चूक होईल.

सर सन १९९४ मध्ये गेले. विभागातील वर्ग क्र. १२ ला त्यांचे नाव दिले आहे. शेवटची दोन वर्षे त्यांची वाचा गेली होती. मी जाऊन बसत असे. त्यांना काही सांगायचे होते की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

आमचे हे सहा वर्षांपूर्वी गेले. चादरींचे कारण त्यांनी शेवटी विचारायचे सोडून दिले होते.

ती २००९ मध्ये, झोपेत गेली. शेवटची वर्षे ती मुलीच्या दुकानात फोन घ्यायला बसायची. लोक चष्मा नको असतानाही फोन करायचे, असे मुलगी सांगते.

मुलगी चोपन्न वर्षांची आहे. वाट बघते आहे.

आपला निर्णय काहीही झाला तरी तो लेखी मिळावा, ही विनंती.

आपल्याच विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी,
(सही)
परीक्षा बैठक क्र. ४१, सन १९७७
दिनांक : २० जानेवारी २०२५

सोबत :
१) गुणपत्रिका, मूळ.
२) पदवी प्रमाणपत्र, मूळ (चौकटीसह, काच काढताना कोपरा फाटला आहे).
३) मुलाखतीच्या वहीतील पान क्र. ३७, छायाप्रत.

प्रत : परिच्छेद ११ मधील मुलीस. ही प्रत मी आज सकाळी, दुकान उघडताच, स्वतः तिच्या हाती देणार आहे आणि ती वाचून होईपर्यंत तिथेच बसणार आहे. आपल्या कार्यालयात त्यानंतर येईन.